कायद्याने मीच ती बंदूक

बोलतेय ती मी, लायल हेंडरशॉटची रायफल. समोर ठेवली तर तुमचा विश्वास बसणार नाही. ना नळी, ना दस्ता, ना चाप. पंजाएवढा काळा सांगाडा, जागोजागी भोकं पाडलेला. जुन्या शिवणयंत्रातून काहीतरी निखळून पडलंय असंच वाटेल. पण आमच्या देशातल्या कायद्याचं डोकं निराळं आहे. नळी म्हणजे बंदूक नव्हे, चाप म्हणजे बंदूक नव्हे, दुर्बीण तर नव्हेच नव्हे. क्रमांक कोरलेला असतो तो हा सांगाडा, तीच बंदूक. बाकी सगळं सामान. ते मोजे-बनियनसारखं घरपोच येतं. मला मात्र दुकानातून ओळखपत्र दाखवून, चौकशी होऊन आणावं लागतं. या मोठेपणाचा पुढे मला फार ताप झाला.

माझा जन्म कारखान्यात झाला. यंत्राने अल्युमिनियमच्या ठोकळ्यातून मला कोरलं, काळ्या पाण्यात बुचकळलं, अंगावर क्रमांक गोंदला आणि खोक्यात घालून ओहायोतल्या ड्रायक्रीक नावाच्या गावी पाठवलं. तिथे बेव्ह नावाच्या बाईचं दुकान. एका बाजूला मासे पकडायचे गळ, दुसऱ्या बाजूला सुकवलेल्या मांसाच्या पुड्या, मधल्या काचेत आम्ही.

लायल आला तो दुकानात शिरण्याआधी पोट आत घेऊन. पन्नाशी कधीच ओलांडलेली, गाद्यांच्या दुकानात विक्रेता. दिवसभर लोकांना गादीवर आडवं पडून बघायला सांगायचं आणि ते पडले की आढ्याकडे बघत उभं राहायचं, हे त्याचं काम. बेव्हने विचारलं, हरणासाठी हवीय की नेमबाजीसाठी? लायलने आवाज खाली आणला आणि म्हणाला, घराच्या संरक्षणासाठी. स्वतः जुळवणार आहे, एकेक भाग निवडून.

"कोणापासून संरक्षण?" बेव्हने अगदी साधेपणाने विचारलं. तिला सगळं गाव माहीत. गावातली शेवटची चोरी म्हणजे लायलच्याच ओसरीवरून गेलेला भोपळा.

लायल म्हणाला, "सांगता येत नाही हल्ली." बेव्हने मान हलवली आणि मला पिशवीत घातलं. गिऱ्हाइकाच्या शत्रूची चौकशी करत बसलं तर दुकान कसं चालायचं?

लायलचं तळघर हे माझं सासर. वर बायको ग्लेंडा, खाली तो आणि मी. गरम हवेच्या पाइपातून वरचं बोलणं सगळं खाली ऐकू यायचं, त्यामुळे घरातली कोणतीच गोष्ट मला चुकली नाही. खरा शत्रू कोण हेसुद्धा मला तिथेच कळलं. त्याचं नाव ड्वेन.

ड्वेन हा ग्लेंडाचा धाकटा भाऊ. शेती, ट्रॅक्टर, कुत्री, हातात कुठलंही हत्यार शोभेल असा गडी. आणि तरीही कटकट नाही, फुशारकी नाही, म्हणजे राग धरायलाही जागा नाही. मागच्या वादळात लायलच्या मुलीच्या, कोरीनच्या, घरावर झाड पडलं. कडेवर तान्ही लेक होती तिच्या तेव्हा. तिने फोन केला तो ड्वेनमामाला. मामा करवत घेऊन गेला, झाड कापलं, छपरावर ताडपत्री बांधली आणि घरी येऊन जेवला. बापाला ही बातमी दुसऱ्या दिवशी ग्लेंडाकडून कळली. दुकानात दोन गाद्यांची तुलना चालली होती तेव्हा.

त्याच आठवड्यात लायल फोनवर रायफलींच्या चित्रफिती बघायला लागला.

मग सुरू झाला निवडीचा हिवाळा. मुलीसाठी स्थळ बघावं तशी त्याने माझ्यासाठी नळी बघितली. एक लांब होती, एक आखूड, एक वजनदार, एक घराण्याने चांगली पण दिसायला सामान्य. फोनवर दाढीवाले पुरुष एकापाठोपाठ येऊन सांगायचे की अमुक नळी घेणारा मूर्ख, आणि पुढचा दाढीवाला सांगायचा की तमुक घेणारा मूर्ख. लायल दोघांनाही मान डोलवायचा. शेवटी त्याने घेतली ती, जिच्याबद्दल सगळ्यात जास्त भांडणं होती.

चाप घेतला तो स्पर्धेतल्या नेमबाजांचा, फुंकर मारली तरी दबेल असा. दस्ता घेतला सैनिकांचा. मूठ घेतली घामाने न निसटणारी, कारण तळघरात घाम फार येतो म्हणे. दुर्बीण अशी घेतली की पलीकडच्या टेकडीवरच्या गाईचे डोळे मोजता यावेत, आणि आमच्या घरात जास्तीत जास्त लांबचं अंतर म्हणजे न्हाणीघरापासून फ्रिजपर्यंत. मग एक टॉर्च आला. मग दोन पायांचा एक टेकू आला. मग पट्टा आला, वाळवंटाच्या रंगाचा, आणि तेव्हा लायलच्या लक्षात आलं की दस्ताही वाळवंटाचाच आहे, मूठही वाळवंटाचीच आहे, पण वाळवंटं तीन वेगवेगळी आहेत. त्या संध्याकाळी तो जेवला नाही.

मी सगळं बघत होते. यातला एकही भाग दुसऱ्याला धरून निवडलेला नव्हता. प्रत्येकाने आपापल्या परीने लायलला मोठा पुरुष करायचं कबूल केलं होतं, आणि ते सगळे माझ्यावर बसणार होते.

ग्लेंडा एकदा कपड्यांची टोपली घेऊन खाली आली. म्हणाली, "मागच्या दाराची कडी बसत नाही. तेवढी बसव आधी. चोराला आत घेऊन मग गोळी घालायचीय का?"

लायल म्हणाला की कडीचं बघू, आधी दुर्बिणीचा कोन बघायचाय. ती टोपली घेऊन वर गेली. कडी तशीच राहिली.

वसंतात एका रविवारी मी पूर्ण झाले. लायलने मला आरशासमोर धरलं. खांद्याला लावलं, कपाळाला आठ्या घातल्या, मान तिरपी केली. बरा दिसत होता तो, खोटं कशाला बोलू? इतकंच, की त्याचे हात हळूहळू खाली येत होते, कारण मी आता एका भरल्या सुटकेसइतकी जड झाले होते.

ड्वेनच्या शेतावर उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळे जमतात. भाजलेली कणसं, बटाट्याचं सॅलड, आणि मागच्या बांधावर डबे ठेवून नेमबाजी. लायलने मला नव्या पेटीतून नेलं. पेटी उघडल्यावर पुरुषमंडळी गप्प झाली. लायलला ती शांतता कौतुकाची वाटली.

मी पहिली गोळी झाडली. डबा हलला नाही, त्याच्या बाजूला बांधावर धूळ उडाली. दुसरी गोळी निघालीच नाही. लायलने ओढाओढ केली, तिसरी अडकून बसली. माझ्या पोटात ज्याचं त्याचं वेगळं चाललं होतं. चापाला घाई, स्प्रिंग मवाळ, नळी आखडू. मी काय करणार?

ड्वेन जवळ आला, मला हातात घेतलं, मोकळं केलं. त्याने दुर्बिणीतून बघितलं, वजन तोललं. त्याला हसू येत होतं, पण मेव्हण्याचा मान ठेवून त्याने ते गालात दाबलं.

"दाजी, दिसायला झकास आहे," तो म्हणाला. "यातलं निम्मं काढा आणि साधं घाला. मी देतो बसवून."

लायलने मला त्याच्या हातातून घेतलं आणि पेटीत ठेवलं. कणसं न खाता गाडीत जाऊन बसला. परत येताना तो ग्लेंडाला सांगत होता की गोळ्या भेसळीच्या असाव्यात. ग्लेंडा बाहेर बघत होती.

त्यानंतर मी तळघरातल्या भिंतीवर दोन खुंट्यांवर लटकले. रोज तो मला पुसायचा, आणि पुन्हा कधीच झाडायचा नाही. असंही आयुष्य चाललं असतं. माझ्या कितीतरी बहिणी अशाच भिंतींवर म्हाताऱ्या होतात.

पण कोरीनचा फोन आला. तिच्या नवऱ्याला दुसऱ्या शहरात नोकरी मिळाली होती, तिथलं घर उन्हाळा संपल्याशिवाय मिळणार नव्हतं. तोवर ती आणि तिची लेक विनी, नुकतीच पळायला लागलेली, इथे राहायला येतील का? लायल तळघरात बोलत होता. त्याचा चेहरा असा उजळला की माझ्या पॉलिशला हेवा वाटला. अख्खा उन्हाळा. ड्वेनकडे नाही, त्याच्याकडे.

मग कोरीनने एकच विचारलं. तुझी ती बंदूक घरात आहे का? असेल तर मी नाही आणणार विनीला. लायल म्हणाला, बघतो काय करायचं ते.

आता तो काय करू शकत होता? बेव्हकडे ठेवू शकत होता. ड्वेनच्या लोखंडी कपाटात ठेवू शकत होता, पण त्यासाठी ड्वेनला सांगावं लागलं असतं. तो बराच वेळ माझ्यासमोर बसून राहिला. आणि मग त्याच्या डोक्यात ती कल्पना आली. ती सुचल्यावर तो स्वतःशीच हसला, हे मला अजून दिसतं.

त्याने मला सुटं केलं. नळी गुंडाळलेल्या गालिच्यात गेली. दस्ता गराजमध्ये रंगाच्या डब्यांमागे. दुर्बीण मासेमारीच्या पेटीत. मी, म्हणजे कायद्याने बंदूक, बैठकीबाहेरच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर, नाताळच्या झाडाला लावायच्या सोनेरी गोळ्यांमध्ये. माझ्या पोटातला चाप, खिळे आणि स्प्रिंगा एका मोज्यात भरून त्याच कपाटात तळाला, त्याच्या जुन्या बुटात. मग त्याने फोन लावला आणि शांत, भारदस्त आवाजात म्हणाला, "नाही बेटा. घरात बंदूक नाही."

आठवडाभर घर हसत होतं. विनी सोफ्यावरून आजोबाच्या अंगावर उड्या मारायची, तो दर वेळी मेल्याचं सोंग घ्यायचा. कामावरून आला की आधी तिला उचलायचा, मग जोडे काढायचा. मी नाताळच्या गोळ्यांत पडून ऐकत होते आणि खरं सांगते, मला वाटलं, सुटी राहण्यातच सगळ्यांचं भलं आहे.

एक गोष्ट मात्र लायलला माहीत नव्हती. ग्लेंडाला माहीत होती, कोरीनला तर होतीच. विनीला बूट आवडायचे. कोणाचेही. त्यात हात घालायचा, पाय घालायचा, तोंड घालायचं.

सकाळची वेळ होती. ग्लेंडा पॅनकेक करत होती, कोरीन केस पुसत होती, लायल टाय बांधत होता. कपाटाचं दार किलकिलं झालं आणि विनी आत येऊन बसली. तिने जुना बूट मांडीवर घेतला. मोजा ओढला. माझे खिळे तिच्या फ्रॉकवर सांडले. तिने एक उचलून बघितला, आणि मी, जिला म्हणे घराचं रक्षण करायचं होतं, वरच्या फळीवर पडून नुसती बघत राहिले.

आधी खोकला आला. मग तोही बंद झाला.

ती शांतता ग्लेंडाला स्वयंपाकघरात ऐकू गेली. तिच्या हाकेने कोरीन धावली. पोरीचे ओठ निळे पडायला लागले होते. कोरीनने तिला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर तळहाताने मारलं, पुन्हा मारलं, पुन्हा. फरशीवर टिक असा आवाज झाला. त्यानंतर विनी जी रडली, तसं सुंदर रडणं मी ऐकलेलं नाही.

कोरीन तिला छातीशी धरून जमिनीवरच बसली. थोड्या वेळाने तिने तो ओला खिळा उचलला. नखाएवढा पोलादी तुकडा. तिने विचारलं, "हे काय आहे?"

लायल दारात उभा होता, टाय अर्धा. एवढ्या वेळात त्याला खरं सांगायला जागा होती. मला ती जागा दिसत होती.

"घड्याळाचं असेल," तो म्हणाला.

तेवढ्यात ग्लेंडाने खाली वाकून मोजा उचलला आणि झटकला. चाप बाहेर पडला. खिळा कशाचाही असू शकतो. चाप बघून कोणीच घड्याळ म्हणत नाही.

कोरीनने आवाज चढवला नाही. "तू म्हणालास, घरात बंदूक नाही."

"नव्हती," लायल म्हणाला. "सुटी होती."

"आणि आत्ता? आत्ता घड्याळ म्हणालास ते?"

सबंध हिवाळा ज्याने शत्रूला सामोरं जायची तयारी केली होती, तो माणूस स्वतःच्या मुलीसमोर भिंतीला टेकला.

दुपारच्या आत कोरीनने सामान भरलं आणि ती ड्वेनकडे गेली. तिची गाडी वळली तसा लायलचा संयम सुटला. तो ग्लेंडावर ओरडला, की ड्वेनकडे तर कपाट भरून बंदुका आहेत. ही कुठली अक्कल?

ग्लेंडा मुलीने विसरलेला छोटा टॉवेल घडी करत होती. "हो, आहेत," ती म्हणाली. "तिने विचारलं तेव्हा त्याने तेच सांगितलं. किती आहेत, कपाट कुठे आहे, किल्ली कोणाकडे असते. तुलाही तेवढंच विचारलं होतं."

मग तिने स्टूल आणलं, कपाटाच्या वरच्या फळीवर हात घातला आणि मला सोनेरी गोळ्यांतून बाहेर काढलं. तिला माझी जागा ठाऊक होती हे लायलला तेव्हा कळलं. तिने मला जेवणाच्या टेबलावर त्याच्या ताटाच्या जागी ठेवलं. मग काही दिवस तो माझ्या शेजारी ताट ठेवून जेवायचा.

पुढच्या रविवारी तो ड्वेनच्या शेतावर जाऊन आला. मला नेलं नव्हतं. आल्यावर त्याने ग्लेंडाला सांगितलं, ते मी टेबलावरून ऐकलं. कोरीन ओसरीवर बोलली, घरात ये म्हणाली नाही. विनीने त्याचा बूट काढून घेतला, तर कोरीनने आधी तो उलटा करून झटकला आणि मग तिच्या हातात दिला. मग तो माझ्याकडे बघत म्हणाला, "देऊन टाकतो हिला."

शेरीफच्या पोलीस कचेरीत नको असलेल्या बंदुका घेतात आणि करवतीने कापून टाकतात. लायल आणि ग्लेंडा दोघंही आले. खिडकीपलीकडे एक थोराड बाई, चष्मा साखळीने गळ्यात. लायलने मला खिशातल्या रुमालाने पुसलं. सवय. कापायला द्यायच्या आधीही त्याला माझ्यावर बोटांचे ठसे नको होते.

बाईंनी मला उलटंसुलटं केलं. बाकीची कुठाय म्हणून विचारलं.

"ते नुसतं सामान आहे," लायल म्हणाला. "कायद्याने हीच बंदूक."

"ते बरोबर आहे," बाई म्हणाल्या. त्यांना काही पडलेली नव्हती. दिवसाकाठी हे वाक्य त्यांनी पुष्कळदा ऐकलेलं असणार. त्यांनी कागद पुढे सरकवला, लायलने सही केली. काम झालं होतं. ग्लेंडाने पर्स उचलली. ती दाराशी पोचली.

लायल मात्र खिडकीशीच उभा. त्याने टाय सैल केला. कोणी काही विचारलेलं नव्हतं. मी मुद्दाम सांगते, कोणीही काहीही विचारलेलं नव्हतं.

"बाकीची गाडीत आहे," तो म्हणाला. "मागे डिकीत. गादीच्या कापडाखाली." मग त्याने मान वळवली आणि ग्लेंडाकडे बघून म्हणाला, "गाद्यांच्या दुकानात नेऊन ठेवणार होतो."

ग्लेंडा दारातून परत आली. मग तिने गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली.

त्याने दोन खेपा केल्या. तिन्ही वाळवंटं आणली, टॉर्च आणला, टेकू आणला. दुर्बीण देताना त्याला राहवलं नाही, तिची काच कुठल्या देशातली आहे हे तो बाईंना सांगायला लागला. बाईंनी चष्मा वर केला आणि खोकं पुढे सरकवलं. त्याने वाक्य अर्धं सोडून दुर्बीण खोक्यात ठेवली.

आता आम्ही सगळे त्याच खोक्यात आहोत. कापायचं यंत्र मागच्या खोलीत आहे, त्याचा आवाज येतो. दुर्बीण अजून तोऱ्यात आहे, तिला वाटतंय तिला वगळतील. चाप गप्प आहे. कोरीन परत आली का, हे मला ठाऊक नाही. निघताना लायल म्हणत होता की आधी ड्वेनच्या शेतावर जाऊ, तिला समोर बसून सांगतो, डिकीचंसुद्धा सांगतो. ग्लेंडा म्हणाली, सगळं सांगितलंस तर वेळ लागेल. तो म्हणाला, लागू दे.

माझं म्हणाल तर मी एकदाच झाडली गेले आणि धूळ उडवली. रायफलीच्या जातीत ही काही अभिमानाची गोष्ट नाही, पण आज मला ती लहानही वाटत नाही. तुमच्यापैकी कोणी तळघरात बसून माझ्या एखाद्या बहिणीसाठी नळी निवडत असाल, तर निवडा. मी कोण सांगणार? एवढंच करा. वरून कोणी हाक मारून विचारलं, काय चाललंय खाली, तर जे चाललंय ते सांगा.

बाई खोकं उचलायला आल्या. पकड भक्कम आहे त्यांची. येते मी.